पंधरा काचा

शालिग्राम पाटलाला राग यायला कारण लागत नसे. त्या शनिवारी तर त्याला कारणही मिळालं.

पंचावन्न सालचा श्रावण होता. भडगावात घरोघर कानबाई देवीच्या सणाची तयारी चालली होती, आणि हा गृहस्थ चाळीसगावहून दोन बॅटऱ्या भरून घेऊन येत होता. पाटलांच्या गल्लीत वीज नव्हती. महिन्यातून दोनदा या बॅटऱ्या चाळीसगावच्या गॅरेजात न्यायच्या, भरून घ्यायच्या आणि एसटीत पायांमध्ये धरून परत आणायच्या, हा त्याचा नेम. त्यातलं तेजाब सांडून त्याच्या एकूण एक पायजम्याला भोकं पडली होती. एसटीत कुणाचा पाय बॅटरीला लागला तरी तो असा डोळे वटारी की समोरचा मुकाट्यानं दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसे.

बॅटऱ्या लागत होत्या त्याच्या बिनतारी सेटला. गल्लीच्या भाषेत ते 'शालिग्रामनं खोकं', म्हणजे शालिग्रामचं खोकं. लढाईत तो सिग्नलमध्ये होता, आणि असाच एकोणीस नंबरचा सेट घेऊन त्यानं ब्रह्मदेशाचा चिखल तुडवला होता. लढाई संपली, पलटण मोडली, हा घरी आला आणि कापूस वेचायला लागला. पण सेट काही डोक्यातून जाईना. पुढे देवळालीला लष्कराचं जुनं सामान लिलावात निघालं, तेव्हा तिथून त्यानं हा उचलून आणला. हिरवं लोखंडी धूड, दोन माणसांनी उचलावं असं. त्याच्या तोंडावरच्या बटणांखाली इंग्रजी अक्षरं होती आणि त्यांच्या खाली रशियन. रशियाला धाडायचे म्हणून केलेले सेट नाशिक जिल्ह्यात कसे पोचले, हे शालिग्रामला कुणी विचारलं की तो म्हणे, "सरकारले इचारा," आणि पाठ फिरवी.

नुसता सेट आणून भागत नाही. घरातून आकाशात बोलायचं तर सरकारचा परवाना लागतो. त्यासाठी त्यानं तारायंत्राच्या कट्-कड-कट् लिपीची परीक्षा दिली, पोलिसांची चौकशी सोसली, दिल्लीला अर्जामागून अर्ज धाडले. तीन वर्षांनी परवाना आला आणि तोवर ठाण्यात जमा असलेला सेट घरी आला. धाब्याच्या छतावरून समोरच्या निंबापर्यंत त्यानं तांब्याची तार ताणली आणि रोज सकाळी, गुरांचं दूध निघायच्या वेळेला, तो खुंटीवरची टोपी घालून सेटसमोर बसू लागला. टोपी कशाला, असं कुणी विचारायची सोय नव्हती.

आणि इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर हा माणूस नुसताच तापट वाटेल. सेटवर तो कधीही रागावत नसे. बटण दाबून तो ठोके टाकी, कुणी आहे का, कुणी आहे का, आणि उत्तर येईपर्यंत पाऊण तास वाट पाही. सिलोनमधल्या चहाच्या मळ्यावरचा एक म्हातारा साहेब त्याला उत्तर देई. त्या म्हाताऱ्याचा हात थरथरे, ठोके चुकत. शालिग्राम दहा वेळा 'पुन्हा सांगा' असं विनवून विचारी, त्याच्या गुडघ्याची चौकशी करी, आणि निरोप घेताना त्र्याहत्तर हा आकडा धाडी. त्या लिपीत त्र्याहत्तर म्हणजे 'तुमचं भलं असो'. सिलोनच्या म्हाताऱ्याचं रोज भलं चिंतणारा हा माणूस त्यानंतर टोपी काढून बाहेर येई आणि चहात साखर कमी पडली म्हणून कप आपटी. असल्या माणसाला काय म्हणावं, ते तुम्हीच ठरवा.

चहा करणारी होती कुंदाबाई, त्याची बायको. बारा वर्षांचा संसार. ती फार बोलत नसे. बोलायची सोयच नव्हती.

तर त्या आठवड्यात मुंबईहून पत्र आलं होतं. पहिल्या वर्षाचा परवाना संपत आला होता. सोमवारी सकाळी अकरा वाजता तपासनीस साहेब सेट बघायला येणार. सेट चालू दिसला तर परवाना पुढे चालू. नाही दिसला तर रद्द, आणि परवान्याशिवाय असला सेट घरात ठेवणं हा गुन्हा, तेव्हा तो मोहोर मारून पोलीस ठाण्यात जमा. पत्रात हे सगळं स्वच्छ लिहिलं होतं. शालिग्रामनं ते इतक्या वेळा वाचलं की घड्यांवर फाटलं.

त्यात रविवारी कानबाई. पाटलांचा सगळा भाऊबंद त्या दिवशी एका घरी जमतो, घरातल्या पुरुषामागे गहू मोजून दळतात, त्याचे रोट करतात आणि देवीपुढे सगळे मिळून खातात. या वर्षी देवी बसवायचा मान धाकट्याचा, म्हणजे शालिग्रामचा आणि कुंदाबाईचा. देवीचा चौरंग मांडायचा तो पुढच्या खोलीत, आणि पुढच्या खोलीत सेट. शुक्रवारी सकाळी चाळीसगावला निघताना शालिग्राम उंबऱ्यात उभा राहून ओरडला होता, "सोमवारे साहेब येस. या खोलीमा माले धूळना एक कनबी दिसाले नको. दिसना ते याद राखजा!"

कुंदाबाईनं याद राखली.

शनिवारी दुपारी तो बॅटऱ्या घेऊन दारात आला तेव्हा घर ओळखू येत नव्हतं. भिंतींना चुना दिलेला, ओटा सारवलेला, भांडी उन्हात चमकत होती. ओसरीवर भाऊबंदांतल्या दहा-बारा बाया रोटाचे गहू निवडत, कानबाईची गाणी म्हणत बसल्या होत्या. त्यांच्यात थोरली जाऊ सुगंधाबाई होती, उखर्डू आबाची बायको. शालिग्रामनं बॅटऱ्या खाली ठेवल्या, खोलीत गेला, आणि सेटकडे बघून क्षणभर त्याला बरंसुद्धा वाटलं. हिरवा पत्रा नवा असल्यासारखा दिसत होता. मग त्याच्या लक्षात आलं की पत्र्याच्या पेटीचे चारही स्क्रू कुणीतरी फिरवले आहेत.

त्यानं पेटी उघडली. आतला सांगाडा बाहेर ओढला.

सेटमध्ये पंधरा व्हॉल्व्ह होते. व्हॉल्व्ह म्हणजे काचेचे कोंब, आत तारा आणि जाळ्या, खाली पाय. तापले की सेटमध्ये जीव येतो. प्रत्येकाच्या काचेवर पांढऱ्या शाईत त्याचा नंबर छापलेला असतो, त्यावरूनच कुठला कुठे बसतो ते कळतं. आता सगळे पंधरा व्हॉल्व्ह असे लखलखत होते की त्यांत खिडकी दिसावी. आणि एकावरही नंबर नव्हता.

"कोनी हात लाया याले?"

ओसरीवरचं गाणं थांबलं. कुंदाबाई पदराला हात पुसत दारात आली. "मी लाया. तुम्हीनच सांगं व्हतं ना, धूळना कन दिसाले नको. बठ्ठ्या काचा काया पडेल व्हत्यात. राख लाईसन धोयात, कोरडा फडकाघाई पुश्यात. मधली काजयी मातर निंघनी नही."

व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला एक काळसर चंदेरी डाग असतोच, कारखान्यातून येतानाच. त्या डागाला कंदिलाची काजळी समजून ही बाई तास-तास घासत बसली होती. शालिग्रामच्या डोक्यात सणक गेली.

"आनि नंबर? नंबर कोठे ग्यात?"

"ते पांढरं व्हतं ते? ते राखघाई निंघी गयं," कुंदाबाई म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून तिनं घाईनं पुढे सांगितलं, "पन काही इकडलं तिकडे व्हयनं नही. एकेक काढी, एकेक धोयी, सुकाडी, आनि जठली तठे लायी. मंग दुसरी. कंदीलन्या काचा अश्याच धोतस ना?"

आता हे नीट ऐका, कारण शालिग्रामनं ते ऐकलं नाही. ज्या घरात सहा कंदील असतात त्या घरातली बाई सगळ्या काचा एकदम कधी काढत नाही. एका कंदिलाची काच दुसऱ्याला बसत नाही, बसली तर तडकते. म्हणून एक काढायची, धुवायची, परत चढवायची आणि मगच दुसरीला हात लावायचा. कुंदाबाईला तिच्या आईनं हे शिकवलं होतं आणि तिनं तेच केलं होतं. नंबर पुसले गेले होते खरे, पण पंधराच्या पंधरा व्हॉल्व्ह आपापल्या जागी होते. बॅटरी जोडून बटण दाबलं असतं तर सेट बोलला असता. फार तर जागांवरून पाहून त्यानं कागदावर नंबर उतरवून घेतले असते आणि प्रश्न मिटला असता.

पण राग आलेल्या माणसाला बटण दाबण्याइतका धीर कुठला?

"अडानी!" तो गरजला. "ह्या काय कंदीलन्या काचा शेतस? तुना बापनी कधी कंदीलबी दखा व्हता का? जठली तठे म्हने! तुले काय समजस? तुनी जागा घरमा नही, तठे गोठामा शे, गोठामा!"

"भाऊ," सुगंधाबाई ओसरीवरून म्हणाली, "सणना दिन शे. आस्ते बोला."

त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही. गव्हाचं एक सूप दाराशी पडलं होतं. ते त्यानं ओढलं, गहू जमिनीवर उपडे केले आणि सांगाड्यातले व्हॉल्व्ह एकामागून एक उपटून त्यात टाकायला लागला. पहिला, दुसरा, पाचवा, दहावा. सूप भरलं. पंधरा काचा एकमेकींवर किणकिणत पडल्या. रोटासाठी मोजलेले गहू त्याच्या पायाखाली होते. बाया उठून उभ्या राहिल्या.

"आते सांग!" सूप तिच्या तोंडापुढे धरून तो ओरडला. "कोनती कोठली? लाव ना! जठली तठे लाव!"

कुंदाबाईनं सुपात बघितलं, मग त्याच्याकडे. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. शालिग्रामला ते असतं तर बरं वाटलं असतं.

"आते माले काय ठाऊक?" ती म्हणाली. "मी एक काढू तव्हय बाकीन्या जागावरच राहेत. बठ्ठ्या एकदम तुम्ही काढ्यात."

एवढं बोलून ती खाली बसली आणि जमिनीवरचे गहू गोळा करायला लागली.

शालिग्रामला त्याच घटकेला कळलं. कळलं नाही असं तो पुढे दोन दिवस स्वतःला सांगत राहिला, पण कळलं होतं. हातातल्या सुपात त्याचा परवाना होता, तीन वर्षांचे अर्ज होते, आणि ते तिनं नव्हे, त्यानंच ढवळून ठेवलं होतं. आणि ज्याला आपली चूक कळते पण कबूल करता येत नाही, तो आणखी चिडतो. शालिग्रामनं खोलीचं दार इतक्या जोरात लावलं की नव्या चुन्याचा पोपडा उडाला.

दाराआड बसून त्यानं व्हॉल्व्ह ओळखायला सुरुवात केली. तीन-चार सोपे होते, त्यांचे पाय वेगळे. एक मोठा, ठोके बाहेर फेकणारा, तो दहा हातांवरून ओळखू येई. बाकीच्यांचे पाय एकसारखे, आठ-आठ, कुठल्याही भोकात बसणारे. शिवाय या सेटमध्ये एक अडचण होती. बॅटरीची वीज दोन-दोन व्हॉल्व्हच्या जोडीतून जाई. जोडी बरोबर असली तर दोन्ही सारख्या तापत. चुकली तर एकीवर सगळा भार येऊन ती जळून जाई. म्हणजे लावून बघू, नाहीतर बदलू, असं करायची सोय नव्हती. त्यानं एकेक व्हॉल्व्ह खिडकीच्या उजेडात धरला, आतल्या जाळ्या मोजल्या, पलटणीतल्या हवालदारानं दहा वर्षांपूर्वी शिकवलेलं आठवत राहिला. मधूनच तो स्वतःशी शिव्या देई. शिव्या कुणाला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

रविवारी देवी बसली. नारळाला डोळे-नाक लावलेलं, नथ घातलेलं कानबाईचं मुख चौरंगावर, भोवती केळीचे खांब, आणि समोर पाटावर शालिग्राम आणि कुंदाबाई, पदराला उपरण्याची शेवगाठ बांधून. पूजेत नवरा पाणी सोडतो तेव्हा बायकोनं त्याच्या उजव्या हाताला हात लावायचा असतो. कुंदाबाईनं हात पुढे केला. पण तिचं बोट त्याच्या मनगटापासून गव्हाच्या दाण्याएवढं लांब राहिलं. भटजींच्या ते ध्यानात आलं नाही. शालिग्रामच्या आलं. प्रत्येक पळीला आलं. आणि त्याला पुन्हा राग आला, की एवढ्या लोकांत ही बाई असं कसं करते.

पूजा झाल्याबरोबर तो उठला आणि कोपऱ्यात ढकललेल्या सेटकडे गेला. पंगत बसली. उखर्डू आबा त्याला बोलवायला आला. आबा त्याचा थोरला भाऊ, बारा वर्षांनी मोठा, घरातला कर्ता, शब्दाला वजन असलेला.

"चाल, रोट वाढेल शे."

"माले भूक नही."

"भूक कोनी इचारी तुले? तुना नावना रोट शे. तो तूच खावाना." आबानं आवाज खाली घेतला. "शालिग्राम, माले समजनं बठ्ठं. बायकोले भाऊबंदीदेखत गोठामा धाडी तू. देवी घरमा येवाना आदला दिन. तुले काही वाटस का नही?"

"माले तिकडे साहेब येवाना शे उद्या, आनि तुम्ही माले रोट सांगतस!"

आबानं सेटकडे हनुवटीनं दाखवलं. "इतलं नम्र ते खोकामा बोलस म्हने तू," तो म्हणाला. "आम्हना कानवर कधी पडनं नही ते." आणि तो पंगतीत जाऊन बसला. शालिग्राम तोंड पाडून मागोमाग गेला, रोट खाल्ला, आणि कुणाशी एक शब्द न बोलता परत आला.

संध्याकाळपर्यंत तेरा व्हॉल्व्ह जागेवर होते. उरले दोन. आतून अगदी सारखे दिसणारे, आणि जागाही दोन. त्यानं एक इथे आणि एक तिथे बसवला, आणि मनातल्या मनात म्हणाला, निम्मी तर शक्यता आहे.

सोमवारी सकाळी बाया कानबाईला डोक्यावर घेऊन वाजत-गाजत गिरणा नदीवर विसर्जनाला गेल्या आणि तपासनीस साहेब एसटीनं आले. मुंबईचा माणूस, पातळ अंगाचा, चष्मेवाला, बोलायला मऊ. बरोबर ठाण्यातला मगन शिपाई. साहेबांनी छतावरची तार बघितली, नोंदवही चाळली, सिलोनच्या म्हाताऱ्याच्या नोंदी वाचून हसले. "फार टापटीप वही आहे तुमची," ते म्हणाले. शालिग्रामनं हात जोडले. "आपली कृपा, साहेब." त्याचा आवाज असा होता की गल्लीतल्या कुणी ओळखला नसता.

"लावा सेट."

शालिग्रामनं टोपी घातली आणि बटण दाबलं. आतून गुणगुण सुरू झाली. व्हॉल्व्ह एकेक करून तांबूस झाले. कानाच्या यंत्रात समुद्रासारखा खळखळाट आला, आणि त्याला वाटलं, जमलं. तेवढ्यात मागच्या ओळीतली एक काच पांढरीफटक पेटली, टिक् असा आवाज झाला, आणि तिच्याबरोबर तिची जोडीदारीणही विझली. खळखळाट थांबला. जळक्या धुळीसारखा वास खोलीत पसरला, आणि धूळ तर आता त्या खोलीत कुठेच नव्हती.

साहेबांनी चष्मा पुसला. "हे कसं झालं?"

आणि शालिग्राम म्हणाला, "घरच्या बाईनं धुतले, साहेब. अडाणी आहे. सणाची साफसफाई. सगळे काढून धुतले आणि अदलाबदल केली."

हे त्यानं इतक्या सहज सांगितलं, की सांगून झाल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं.

साहेब मान हलवत म्हणाले, "असं होतं. घरोघर होतं." त्यांनी कागद काढला. "हे बघा पाटील, परवानेदाराच्या हातून सेट बिघडला तर मला परवाना रद्द करावा लागतो. पण घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातून चुकून झालं असेल तर दुरुस्तीला तीन महिने देता येतात. फक्त त्या व्यक्तीचा जबाब लागतो. सही किंवा अंगठा. बाई आहेत ना घरात?"

बाई गिरणेवरून आल्या होत्या. ओसरीवर सुगंधाबाई आणि दोघी-तिघी होत्या, आणि कुंदाबाई ओल्या लुगड्याचा पिळा हातात घेऊन दाराशी थबकली होती. तिनं किती ऐकलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. साहेबांनी जबाब लिहिला आणि तिला समजावं म्हणून मोठ्यानं वाचला. "मी, कुंदाबाई शालिग्राम पाटील, लिहून देते की, मी पतीच्या गैरहजेरीत सेटमधील सर्व व्हॉल्व्ह एकाच वेळी काढून धुतले आणि अज्ञानामुळे त्यांची अदलाबदल केली." मगननं शाईचं पॅड उघडून पुढे धरलं.

शालिग्राम तिच्याकडे बघत होता. कर, एवढं कर, अंगठा तर द्यायचा आहे. त्याच्या मनात ही विनंती होती, पण तोंडातून बाहेर पडताना त्या विनंतीचा नेहमीचा हुकूम झाला. "दे अंगठा."

कुंदाबाईनं पिळा उंबऱ्यावर ठेवला. "नही देवाव," ती म्हणाली.

"देस का नही!"

"साहेब," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मी एकेक काढी, धोयी, पुशी, लायी. मंग दुसरी. बठ्ठ्या एकदम मी काढ्यात नहीत. ते लिखेल खोटं शे. बठ्ठ्या एकदम कोनी काढ्यात ते ह्यासले इचारा. नहीते या बायासले इचारा, बठ्ठ्यासनी दखं."

साहेबांनी सुगंधाबाईकडे पाहिलं. सुगंधाबाईनं पदर पुढे ओढला आणि दिराकडे बोट केलं.

राग आला. शालिग्रामला नेहमीसारखाच आला, पायांपासून डोक्यापर्यंत. घरातली माणसं परक्यापुढे आपलं नाक कापतात म्हणून आला. तोंड उघडलं. बारा वर्षं याच क्षणी काय ओरडायचं ते त्याला आपोआप सुचत आलं होतं. आज त्यानं तिच्या हाताकडे बघितलं. राखेनं तिच्या बोटांची टोकं अजून फुटलेली होती. पंधरा काचा, एकेक करून. त्याला ओरडायला काही सापडेना.

"मी काढल्या," तो म्हणाला.

"सगळ्या?"

"सगळ्या. तिनं बरोबर लावल्या होत्या. सेट चालला असता."

"मग काढल्या कशाला?"

"राग आला म्हणून."

साहेबांनी कागदावरून खालपर्यंत बोट फिरवलं. "रागाचा रकाना नाही यात, पाटील," शेवटी ते म्हणाले. त्यांनी तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला. परवानेदाराचा निष्काळजीपणा. लाखेचा वास आला, दोन मोहोरा उमटल्या. मगननं आणि आबाच्या गड्यानं ते हिरवं धूड उचलून बैलगाडीत घातलं. साहेब जाताना म्हणाले की दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करता येतो. शालिग्रामनं त्यांना हात जोडून निरोप दिला. गाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली.

तो ओट्यावर उभा होता. निंबाकडे गेलेली तार आता कशालाच जोडलेली नव्हती. कुंदाबाई अंगणात दोरीवर लुगडं वाळत घालत होती. शालिग्रामला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. त्यानं सेट गमावला होता तिच्यापायी, म्हणजे खरं बोलण्यापायी. एवढ्यावर तरी तिनं वळून बघायला हवं होतं.

"सांगं ना मी," तो म्हणाला.

"साहेबले सांगं तुम्ही," ती लुगड्याच्या घड्या सोडत म्हणाली. "माले कोठे सांगं?"

"तू दारमाच व्हती ना! आयकं ना तू!"

"शनवारे जितला मोठा आवाजमा बोलनात, तितलाच मोठा आवाजमा सांगा," कुंदाबाई म्हणाली. आता ती वळली, आणि शालिग्रामनं पहिल्यांदाच तिचा राग पाहिला. तो आरडाओरडा नव्हता. बारा वर्षं धरून ठेवलेला होता आणि त्याचा आवाज मुळीच चढलेला नव्हता. "गोठामा जाय म्हने माले. बठ्ठी गल्ली आयकी राहिनी व्हती. आते बठ्ठी गल्लीले सांगा."

त्यानं इकडे-तिकडे पाहिलं. दोन ओट्यांवर माणसं होतीच. "चूक मनी व्हती," तो पुटपुटला.

"आयकू नही उनं." तिनं कानाशी हात नेला.

तिच्यामागे सुगंधाबाई चाळणी हातात घेऊन उभी राहिली होती. शालिग्रामची कानशिलं तापली. गल्लीत बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती, चूक कबूल करायची तर त्याहून नव्हती. त्यानं ओट्याच्या कडेशी येऊन छाती भरून श्वास घेतला, आणि त्याचा तो आवाज, ज्यानं शेजारची पोरं झोपेतून उठायची, तो सोडला.

"कुंदानी बठ्ठं बराबर लायं व्हतं! बठ्ठ्या काचा मी काढ्यात! चूक मनी व्हती! गोठामा जाय म्हनं, ते मी मांगे लेस!"

निंबावरचे कावळे उडाले. मग पलीकडच्या घरातून उखर्डू आबाचा वैतागलेला आवाज आला. "शालिग्राम! आते कोनवर वरडी राहिना रे?"

"सोतावर, आबा!" शालिग्राम ओरडला, आणि ओरडताना त्याचा आवाज चिरकला. "सोतावर!"

कुंदाबाईनं लुगड्याचं शेवटचं टोक ताणून दोरीवर नीट केलं.

"आते आयकू उनं," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.